दार ठोठावणारे आणि दार फोडणारे

रशियातील राज्यक्रांतीविषयी आपल्या धर्मग्रामांतून एक ठरावीक कथा सांगितली जाते. राजा भाविक होता, प्रजा भोळी होती; मध्येच मूठभर निरीश्वरवादी उपटले, त्यांनी प्रजेची माथी भडकवली आणि त्या देवभीरू राजाला त्याच्या लेकरांसह ठार मारले. या कथेला पुष्कळदा एक तात्पर्यही जोडले जाते. राज्यकर्त्याने लगाम सैल सोडला की असे होते. म्हणून आधी शिस्त, मग सुधारणा. आणि सत्तेला विरोध करणारा तो देशाचा वैरी. कथा मोठी सोयीची आहे. ऐकणाऱ्याला विचार करावा लागत नाही आणि सांगणाऱ्याला काही सिद्ध करावे लागत नाही. परंतु ती खरी नाही, आणि खरी नसताना तिच्यावर उपदेशाचा इमला चढवला जातो, म्हणून तिचा समाचार घेणे आवश्यक आहे.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करतो. जुलै १९१८ मध्ये एकातेरिनबुर्ग येथील एका घराच्या तळघरात झार निकोलस दुसरा, त्याची पत्नी, चार मुली आणि आजारी मुलगा यांची जी हत्या झाली, तिचे समर्थन कोणत्याही नीतिशास्त्राला करता येणार नाही. रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने २००० साली या कुटुंबाची गणना संतांमध्ये केली, तीही त्यांनी ज्या सोशिकतेने मरण पत्करले त्यासाठी, राज्यकारभारासाठी नव्हे. हा भेद त्या ख्रिस्तसभेने केला आहे, तो आपणही पाळावा. राजा कसा मेला यावरून त्याने राज्य कसे केले हे ठरत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. झारशाही विरोधकांच्या जोरामुळे कोसळली नाही. कायद्याच्या मर्यादेत राहून, हाती अर्ज घेऊन, तिचे दार ठोठावणारे जे सज्जन विरोधक होते, त्यांना तिने पन्नास वर्षे पद्धतशीरपणे मोडून काढले. ठोठावणारे संपले तेव्हा दार फोडणारेच तेवढे शिल्लक राहिले. (पुढील रशियन घटनांच्या तारखा त्या काळच्या रशियन पंचांगाप्रमाणे दिल्या आहेत, ते पंचांग विसाव्या शतकात आपल्याहून तेरा दिवस मागे होते.)

एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले

१९ फेब्रुवारी १८६१ रोजी झार अलेक्झांडर दुसरा याने भूदासांच्या मुक्तीच्या आज्ञापत्रावर सही केली. जमीनदारांच्या मालकीची सुमारे सव्वादोन कोटी माणसे त्या एका सहीने कायद्याने माणसे ठरली. त्याआधी त्यांची विक्री होत असे आणि मालकाच्या परवानगीवाचून त्यांना लग्नही करता येत नसे. या कृत्याचे श्रेय त्या राजाला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

पण मुक्तीबरोबर जमीन कशी दिली गेली ते पाहा. जमिनीची किंमत सरकारने जमीनदारांना रोख्यांच्या रूपाने दिली आणि ती शेतकऱ्यांकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करण्याचे ठरले. बाप ज्या जमिनीवर राबला, आजा ज्या जमिनीवर राबला, तिचेच हप्ते नातवाने भरायचे. अनेक प्रांतांत तर शेतकरी आधीपासून कसत असलेल्या जमिनीचा उत्तम तुकडा कापून जमीनदाराकडे ठेवण्यात आला. हप्त्यांची जबाबदारी साऱ्या गावसमुदायावर सामाईक टाकली गेली, त्यामुळे एकाने गाव सोडले तर त्याचा बोजा इतरांवर येई; साहजिकच कोणी कोणाला सहजी जाऊ देईना. गावच्या न्यायपंचायतीने शेतकऱ्याला फटके मारण्याची शिक्षा तर १९०४ पर्यंत चालू होती. म्हणजे मुक्तीनंतर त्रेचाळीस वर्षे!

१८६४ साली आणखी दोन चांगल्या गोष्टी घडल्या. न्यायालये खुली झाली, ज्यूरी आली, स्वतंत्र वकीलवर्ग निर्माण झाला. दुसरी गोष्ट म्हणजे झेम्स्त्वो, आपल्याकडील जुन्या जिल्हा लोकल बोर्डांसारख्या निवडून दिलेल्या संस्था. त्यांनी खेड्यापाड्यांत शाळा काढल्या, दवाखाने उघडले, रस्ते बांधले. त्यांचे डॉक्टर आणि शिक्षक चिखल तुडवीत अशा गावी जात, जिथे सरकारचा केवळ करवसुली कारकून पोचत असे. या संस्थांचे मागणे एवढेच होते की, आम्हा सर्वांच्या प्रतिनिधींना एकत्र बसू द्यावे आणि देशाच्या कारभारात सल्ला देऊ द्यावा. बंड नव्हे, सल्ला! ते मागणे चाळीस वर्षे नाकारण्यात आले. उलट १८९० च्या कायद्याने झेम्स्त्वोतील शेतकऱ्यांचे प्रतिनिधित्व कमी करून गव्हर्नरांची पकड वाढवण्यात आली.

१८७४ च्या उन्हाळ्यात हजारो विद्यार्थी शहरे सोडून खेड्यांत गेले. त्यांची मते भाबडी होती, काहींची चुकीचीही होती. परंतु बहुतेकांच्या हाती पुस्तके होती, बाँब नव्हते. सरकारने त्यांना धरले. पुष्कळांना तीन-तीन वर्षे खटल्याविना कोठडीत सडवले आणि अखेर १९३ जणांवर एकत्रित खटला भरला. त्यातील निम्म्याच्या आसपास आरोपी निर्दोष सुटले. पण कोठडीत गेलेली वर्षे त्यांना कोण परत देणार? त्याच सुमारास राजधानीचा मुख्य अधिकारी जनरल त्रेपोव याने बोगोल्युबोव नावाच्या कैद्याला टोपी काढली नाही म्हणून फटके मारविले. जानेवारी १८७८ मध्ये वेरा झासुलिच या तरुणीने त्रेपोववर गोळी झाडली. ज्यूरीने तिला निर्दोष सोडले, आणि न्यायालयाबाहेर लोकांनी जल्लोष केला. गोळी झाडणे पाप होते, यात मला शंका नाही. परंतु शपथ घेतलेले शांत नागरिक तिला सोडून देतात, ते का, असा प्रश्न एखाद्या शहाण्या सरकारने स्वतःला विचारला असता. या सरकारने काय केले? अशा खटल्यांतून ज्यूरीच काढून टाकली.

'सुधारक राजाचाच खून झाला ना?'

इथे प्रतिपक्ष आपले सर्वांत बळकट अस्त्र काढतो. ज्याने भूदासांना मुक्त केले त्याच राजाचा १ मार्च १८८१ रोजी बाँबने बळी घेतला. सुधारणेचे फळ ते हेच का, असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही.

खुनी टोळीचा दोष खुनी टोळीचाच. 'नारोदनाया वोल्या' या संघटनेने त्या दिवशी केवळ एका माणसाला मारले नाही, तर सुधारणेच्या वाटेवर सुरुंग लावला. त्याच सकाळी अलेक्झांडरने आपला मंत्री लोरिस-मेलिकोव याच्या योजनेला संमती दिली होती. झेम्स्त्वो आणि नगरसंस्था यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना कायद्यांच्या पूर्वतयारीत सल्लागार म्हणून बसवायचे, एवढीच ती योजना. छोटेसे पाऊल, पण योग्य दिशेचे.

आता नव्या राजापुढे दोन मार्ग होते. खुन्यांना शासन करून पित्याची अखेरची इच्छा पुरी करायची, किंवा खुन्यांच्या गुन्ह्याची शिक्षा साऱ्या देशाला द्यायची. अलेक्झांडर तिसरा याने दुसरा मार्ग पत्करला. २९ एप्रिल १८८१ च्या जाहीरनाम्याने अनियंत्रित सत्ता अढळ राहील असे घोषित झाले आणि लोरिस-मेलिकोव पायउतार झाला. १४ ऑगस्ट १८८१ रोजी एक 'तात्पुरता' कायदा आला. त्यान्वये अधिकाऱ्यांना न्यायालयाला न विचारता माणसे अटकेत टाकण्याचा, हद्दपार करण्याचा, सभा व वृत्तपत्रे बंद पाडण्याचा अधिकार मिळाला. मुदत तीन वर्षांची होती. ती वाढवत वाढवत १९१७ पर्यंत नेण्यात आली. तीन वर्षांचे औषध छत्तीस वर्षे पाजले गेले आणि तरीही रोगी दगावला. मग औषध कमी पडले म्हणायचे की औषधानेच जीव घेतला म्हणायचे?

शिवाय मारले गेले ते बाँबवाले नव्हेत. बाँबवाले तर फासावर गेले, आणि वीस वर्षांनी त्यांच्या जागी नवे आले. या कायद्याने खरे भरडले गेले ते संपादक, प्राध्यापक, झेम्स्त्वोचे डॉक्टर, ज्यांच्या हाती लेखणी आणि विनंतीअर्ज याखेरीज काही नव्हते.

चर्चची किल्ली कोणाच्या कमरेला?

धर्माचा प्रश्न या इतिहासात आपोआप येतो, कारण झारशाही स्वतःला धर्माची राखणदार म्हणवीत असे. तेव्हा राखण कशी होती ते पाहू.

पीटर द ग्रेटने १७२१ साली ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेच्या पेट्रिआर्कचे पद रद्द केले आणि तिच्यावर एक मंडळ बसवले, ज्यावर सरकारी अधिकाऱ्याची देखरेख असे. १७२२ च्या नियमाने तर राजाविरुद्धच्या कटाची गोष्ट पापनिवेदनात कानी आली तर ती अधिकाऱ्यांना कळवावी, अशी आज्ञा धर्मगुरूंना झाली. कोणत्याही धर्मगुरूच्या अंगावर हे वाचताना काटा येईल. ज्या ठिकाणी माणूस देवापुढे गुडघे टेकतो, त्या ठिकाणी राज्याने आपला हेर बसवला. १८८० पासून १९०५ पर्यंत या यंत्रणेचा प्रमुख होता पोबेदोनोस्त्सेव. विद्वान, कायदेपंडित, वैयक्तिक आयुष्यात सच्छील. आणि लोकप्रतिनिधित्वाच्या कल्पनेचा हाडवैरी. १८८१ चा तो जाहीरनामा त्यानेच लिहिला होता.

अन्य पंथीयांचे काय झाले? पोलंडच्या रशियाव्याप्त भागातील प्रातुलिन या गावची गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवी. रोमशी एकरूप असलेल्या पौर्वात्य विधीच्या कॅथलिकांना सक्तीने ऑर्थोडॉक्स करण्याचा घाट सरकारने घातला होता. जानेवारी १८७४ मध्ये प्रातुलिनचे शेतकरी आपल्या चर्चच्या दारात नि:शस्त्र उभे राहिले. सैनिकांनी गोळ्या घातल्या. तेरा जण मेले. पुढच्या वर्षी त्यांचा धर्मप्रांतच राज्याने पुसून टाकला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली या तेरा जणांना धन्य म्हणून घोषित केले. यातील मर्म पुढे आहे. १७ एप्रिल १९०५ च्या आज्ञेने ऑर्थोडॉक्स पंथ सोडण्याची मोकळीक मिळताच एक लाखाहून अधिक माणसे कॅथलिक ख्रिस्तसभेत परतली. तीस वर्षे बंदुकीच्या धाकाने भरलेली ती खानेसुमारी एका कागदाने कोलमडली. राज्याने धर्म राखला नव्हता. धर्माची हजेरी राखली होती.

खुद्द ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंमध्येही सुधारणेची तळमळ होती. १९०५ साली राजधानीतील धर्मगुरूंच्या एका गटाने ख्रिस्तसभेची महासभा बोलवा, तिला तिचा आवाज परत द्या, अशी मागणी केली. पूर्वतयारीचे आयोग बसले, आणि मग झारने विषय लांबणीवर टाकला. फादर ग्रिगोरी पेत्रोव या लोकप्रिय प्रवचनकाराला मठात धाडण्यात आले. लोकांनी त्यांना दुसऱ्या ड्यूमावर, म्हणजे संसदेवर, निवडून दिले. १९०८ साली त्यांचे धर्मगुरुपद काढून घेण्यात आले. महासभा भरली ती ऑगस्ट १९१७ मध्ये, झार गेल्यावर! ख्रिस्तसभेला श्वास घ्यायला तिच्या तथाकथित राखणदाराच्या पतनाची वाट पाहावी लागली, याहून कडवट साक्ष कोणती?

पवित्र शास्त्रातील रहबाम राजाची कथा आपण जाणतो. नव्या राजाकडे लोक ओझे हलके करा म्हणून आले. वृद्धांनी सांगितले, त्यांच्याशी गोड बोल. राजाने तो सल्ला झिडकारला आणि दहा वंश गमावले. १७ जानेवारी १८९५ रोजी नुकताच गादीवर आलेला निकोलस झेम्स्त्वोच्या प्रतिनिधींपुढे उभा राहिला. राज्यकारभारात भाग मिळावा ही त्यांची आशा त्याने 'निरर्थक स्वप्ने' या दोन शब्दांत निकालात काढली. ही माणसे कोण होती? बहुसंख्य जमीनदार, राजनिष्ठ, त्याच्या विवाहाचे अभिनंदन करायला आलेली. तीनच वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत सुमारे चार लाख माणसे दगावली, तेव्हा याच संस्थांनी लोकांना अन्न आणि औषध पोचवले होते. त्यांना उत्तर मिळाले ते असे.

९ जानेवारी १९०५

त्या दिवसाचे नाव 'रक्तरंजित रविवार'. फादर गेओर्गी गपोन या धर्मगुरूच्या मागून सेंट पीटर्सबर्गचे हजारो कामगार आपल्या बायकामुलांसह हिवाळी राजवाड्याकडे निघाले. त्यांच्या हाती पवित्र चित्रे होती, झारची छायाचित्रे होती, ओठांवर प्रार्थनागीते होती. आठ तासांचा कामाचा दिवस, न्याय्य मजुरी आणि लोकनिर्वाचित सभा, या मागण्यांचा अर्ज त्यांना आपल्या 'बापा'ला द्यायचा होता. मोर्चाची कल्पना आदल्या दिवशीच सरकारला देण्यात आली होती. झार राजवाड्यात नव्हता. सैन्य मात्र होते. सरकारी आकड्यानुसारच सुमारे १३० माणसे मेली. प्रत्यक्षात किती, त्याचा अंदाज याहून बराच मोठा केला जातो.

सत्तेच्या अधीन राहावे ही संत पौलाची शिकवण इथे आपल्या तोंडावर फेकली जाते. पण त्या रविवारी अधीन कोण होते? गुडघे टेकून अर्ज देणारे अधीन नव्हते, तर कोण होते? अधीनतेचा अर्थ मुकेपण असा होत नाही. मूल बापाजवळ भाकर मागते तेव्हा ते बापाचा बापपणा मान्यच करीत असते. त्या दिवशी गोळी केवळ कामगारांना लागली नाही. झार आपला बाप आहे, या शतकानुशतकांच्या श्रद्धेला लागली. निरीश्वरवाद्यांची हजार पत्रके जे करू शकली नसती ते राजाच्याच शिपायांनी एका दुपारी केले.

बहात्तर दिवसांची संसद

ऑक्टोबर १९०५ मध्ये साऱ्या देशात संप झाला. आगगाड्या थांबल्या, कारखाने थांबले. तेव्हा कुठे १७ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला. नागरी स्वातंत्र्य मिळेल आणि ड्यूमाच्या संमतीवाचून कोणताही कायदा होणार नाही, असे राजाने वचन दिले. मिल्युकोव प्रभृतींचा संविधानवादी लोकशाही पक्ष, ज्याला संक्षेपाने 'कॅडेट' म्हणत, त्याच महिन्यात स्थापन झाला. प्राध्यापक, वकील, झेम्स्त्वोतील अनुभवी कार्यकर्ते अशी ती मंडळी. वचन पाळले गेले असते तर?

ड्यूमा भरण्याच्या चारच दिवस आधी, २३ एप्रिल १९०६ रोजी, राजाने मूलभूत कायदे एकतर्फी जाहीर केले. मंत्री ड्यूमाला जबाबदार नव्हते. वरचे सभागृह निम्मे राजनियुक्त होते. ८७व्या कलमाने ड्यूमा सुट्टीवर असताना सरकारला फर्मानाने कायदे करता येत होते. २७ एप्रिलला ड्यूमा भरली. तिने जमिनीचा प्रश्न हाती घेतला, फाशीची शिक्षा रद्द करणारे विधेयक मंजूर केले. ८ जुलैला ती बरखास्त झाली. अवघे बहात्तर दिवस!

बरखास्त झालेले सुमारे दोनशे सभासद फिनलंडमधील वायबोर्ग येथे जमले. ड्यूमा परत मिळेपर्यंत कर देऊ नका, सैन्यात जाऊ नका, असे आवाहन त्यांनी देशाला केले. शस्त्र नाही, असहकार. देशाकडून फारसा प्रतिसाद आला नाही, परंतु सरकारने त्यांना विसरले नाही. तीन महिन्यांचा तुरुंग आणि त्याबरोबर पुन्हा निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क कायमचा बंद. देशातील सर्वांत अनुभवी संसदपटूंची एक फळी अशा रीतीने सार्वजनिक जीवनातून उपटून टाकण्यात आली. याच पक्षाचे शेतीतज्ज्ञ हेर्झेनस्टाइन यांचा राजनिष्ठ म्हणवणाऱ्या गुंडांनी जुलै १९०६ मध्ये खून केला. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच, ज्यूंविरुद्ध आग ओकणाऱ्या अशा एका राजनिष्ठ संघटनेचे पदक झारने सन्मानाने स्वीकारले होते. कायदा मागणाऱ्याला तुरुंग आणि द्वेष पसरवणाऱ्याचे पदक राजाच्या छातीवर! विरोधकांना कोणता धडा मिळाला असेल?

स्तोलिपिनची वीस वर्षे

दुसरा आक्षेप असा की, स्तोलिपिनला वेळ मिळाला असता तर रशिया वाचला असता. स्तोलिपिन सामान्य माणूस नव्हता. ऑगस्ट १९०६ मध्ये त्याच्या बंगल्यावर बाँब पडला, त्याची दोन मुले जखमी झाली, तरी तो डगमगला नाही. शेतकऱ्याला गावसमुदायातून मोकळे करून स्वतःच्या जमिनीचा धनी करायचे, हा त्याचा विचार चांगला होता. त्याने वीस वर्षांची शांतता मागितली होती.

परंतु शांतता त्याने कशी आणली? लष्करी न्यायालये नेमून. खटला दोन दिवसांत, अंमलबजावणी पुढच्या दिवशी, वकील नाही, अपील नाही. आठ महिन्यांत हजाराहून अधिक माणसे मारली गेली. ३ जून १९०७ रोजी दुसरी ड्यूमा मोडून त्याने निवडणुकीचा कायदाच फर्मानाने बदलला, म्हणजे राजाने दिलेले वचन राजाच्या मंत्र्याने मोडले. १९११ साली पश्चिम प्रांतांतील झेम्स्त्वोचे विधेयक वरच्या सभागृहाने फेटाळले, तेव्हा त्याने दोन्ही सभागृहे तीन दिवस तहकूब करविली आणि ८७व्या कलमाखाली तोच कायदा करून घेतला. त्याचे आजवरचे मित्रही त्या दिवशी विटले. ड्यूमाचे अध्यक्ष गुचकोव यांनी राजीनामा दिला. सप्टेंबर १९११ मध्ये कीव येथील नाट्यगृहात बोग्रोवने त्याच्यावर गोळी झाडली. बोग्रोव हा गुप्त पोलिसांचा खबऱ्या होता आणि नाट्यगृहाचा प्रवेशपास त्याला पोलिसांनीच दिला होता.

हा योगायोग नव्हता. क्रांतिकारकांच्या हत्यासत्र चालवणाऱ्या पथकाचा प्रमुख अझेफ हा पोलिसांचा पगारी माणूस असल्याचे १९०८ साली उघडकीस आले होते. जे सरकार उघड बोलणाऱ्यांचे ऐकत नाही, त्याला कुजबुज विकत घ्यावी लागते. आणि विकत घेतलेला माणूस आज कोणाचा व उद्या कोणाचा, हे कोणी सांगावे? स्तोलिपिनला वीस वर्षे मिळाली नाहीत, हे खरे. पण कायद्यावरचा विश्वास उखडून जमिनीवरचा हक्क रुजवता येत नाही, हेही तितकेच खरे. राजाच आपला शब्द पाळत नाही तिथे शेतकऱ्याने जमिनीच्या कागदावर विसंबायचे तरी कसे?

विरोधकांच्या पदरातील माप

प्रामाणिकपणे बोलायचे तर विरोधकांनाही दोषमुक्त करता येत नाही. कॅडेटांनी राजकीय खुनांचा स्पष्ट शब्दांत निषेध करण्याचे ड्यूमात टाळले. 'सरकार फाशी थांबवत नाही, मग आम्ही का बोलावे', हा त्यांचा युक्तिवाद वकिली होता, नैतिक नव्हता. खून हा कोणीही केला तरी खूनच. मंत्रिमंडळात सामील होण्याची निमंत्रणे आली, तेव्हाही त्यांनी सर्व किंवा काहीच नाही असा हट्ट धरला. जे सत्तेला कायद्याची भाषा शिकवायला निघतात, त्यांनी आपल्या बाजूच्या गुन्हेगारालाही तीच भाषा ऐकवली पाहिजे. तिथे ते कमी पडले. परंतु दोन्ही पारडी सारखी नव्हेत. ज्याच्या हाती सैन्य, तिजोरी आणि तुरुंग, त्याचा अपराध मोठा.

आणि युद्ध? महायुद्धाने झारशाही बुडाली, हा तिसरा आक्षेप. ऑगस्ट १९१५ मध्ये सैन्य माघार घेत असताना ड्यूमातील बहुसंख्य सभासदांनी, त्यात पुराणमतवादीही होते, एक आघाडी उभारून देशाचा विश्वास असलेले मंत्रिमंडळ मागितले. मंत्र्यांपैकी आठ जणांनी झारला लिहून विनवले की सरसेनापतिपद स्वतःकडे घेऊ नका. झारने सरसेनापतिपद घेतले आणि ड्यूमा तहकूब केली. युद्धाने वादळ आणले हे मान्य; पण नावेत जे वल्हवायला तयार होते त्यांना पाण्यात कोणी ढकलले?

किंमत कोणी मोजली?

२ मार्च १९१७ रोजी निकोलसने राज्यत्याग केला. त्यानंतरची गोष्ट ठाऊक आहे. दार फोडणारे आत आले, आणि त्यांनी पहिल्या प्रथम ठोठावणाऱ्यांचाच निकाल लावला. नोव्हेंबर १९१७ मध्ये कॅडेटांना जनतेचे शत्रू ठरवण्यात आले. कोट्यवधी मतांनी निवडलेली घटना समिती ५ जानेवारी १९१८ ला भरली आणि रात्र उलटताच बंद पाडण्यात आली.

त्याच वेळी पेट्रोग्राडच्या एका इस्पितळात दोन आजारी कैदी होते. एक कोकोश्किन, घटनाशास्त्राचा अभ्यासक, वायबोर्गच्या आवाहनावर सही करून झारचा तुरुंग भोगलेला. दुसरा शिंगार्योव, वोरोनेझकडचा झेम्स्त्वो डॉक्टर. त्याने १९०१ साली एका मरणपंथाला लागलेल्या खेड्याची घरोघर पाहणी करून पुस्तक लिहिले होते. घरात हवा किती, ताटात अन्न किती, पाळण्यातली मुले किती मरतात, हे सारे मोजून. राज्यकर्त्यांनी ते पुस्तक उघड्या डोळ्यांनी वाचले असते तर पुढचे पुष्कळ टळले असते. ६ जानेवारीच्या रात्री खलाशी इस्पितळात शिरले आणि दोघांनाही त्यांनी खाटेवर गोळ्या घातल्या. झारने ज्यांचे ऐकले नाही त्यांनाच क्रांतीने मारले. सज्जन विरोधकांचे असे दोनदा मरण झाले.

रशियाचे पडसाद आपल्याकडेही उमटले होते. पारनेरच्या सेनापती बापटांनी १९०७ च्या सुमारास पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकाकडून बाँबची विद्या मिळवली. त्याच घडामोडींकडे पाहून गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत १९०५ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये वेगळाच धडा मांडला: शासितांच्या सहकार्यावाचून बलाढ्य राजालाही राज्य करता येत नाही. एकाच देशाकडून दोघांनी दोन गोष्टी उचलल्या. त्यातील कोणत्या गोष्टीने माणसे जोडली, हे पुढल्या पिढ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा वाचकहो, यापुढे कोणी व्यासपीठावरून वा व्यासपीठाखालून सांगू लागला की विरोधक हा देशाचा वैरी, सुधारणा ही दुर्बलतेची खूण आणि अर्जदार हा बंडखोराचा धाकटा भाऊ, तर त्याला रशियाचा इतिहास विचारा. प्रातुलिनच्या चर्चच्या दारात कोण उभे होते, हिवाळी राजवाड्याकडे पवित्र चित्रे घेऊन कोण निघाले होते, इस्पितळाच्या खाटेवर कोण मेले, हे विचारा. घराचे दार कोणी ठोठावतो तेव्हा त्याचा सरळ अर्थ असा असतो की घर त्याला हवे आहे. नको असते तर तो ठोठावत बसला नसता. असे ठोठावणे ज्या घरात ऐकू येते, त्या घराचे दार फोडावे लागत नाही.